उपरण्याखालचा भाव

वहिनी,

"माझ्या गं धन्याची, बोटं बोलती मुक्यानं, घोडं आणलं दारी, उपरण्याच्या आडोशानं." आई तात्यांवरची ही ओवी जात्यावर गायची, तो आवाज आज कानातून जात नाही.

काल तात्यांबरोबर इंदुरात आपल्या सरदारांसाठी मोटार बघायला गेलो होतो. मोटार विकणाऱ्या गोऱ्या साहेबानं भाव फार चढवला. तात्यांनी घोडेबाजारातल्या रीतीनं त्याचा हात उपरण्याखाली ओढला आणि आपला भाव सांगायला बोटं दाबली. साहेबाला वाटलं, म्हातारा अंगठी काढतोय. त्यानं मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं आणि तात्यांच्या उजव्या हातावर घातलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तेच हँडल मी हिसकलं. साहेब पडला तरी मारत राहिलो. तात्यांनीच मागून मिठी घालून ओढलं. तो जगला की नाही, ठाऊक नाही.

तात्या आत निजलेत. हाडवैद्याला बोलवा. घास तुम्ही भरवा, नाहीतर लाजेपायी उपाशी राहतील. मी कुठं चाललो ते लिहीत नाही. शिपाई आले तर तुम्हाला खोटं बोलायला नको. चिठ्ठी चुलीत घाला.

ती बोटांची बोली शिकवा म्हणून मी लहानपणापासून मागं लागलो होतो. "जा भय्या, तुला नाही जमायचं," म्हणून ते हसत. काल टांग्यात त्यांनी डाव्या हातानं माझी बोटं उपरण्याखाली घट्ट धरली. म्हणाले, "जमलं असतं रे बेटा. शिकलास की बाजारोबाजार फिरशील, मला सोडून जाशील, म्हणून शिकवलं नाही."

तुमचा दीर,
खंडू