प्रमिलाची टाळी

१५ जानेवारी २०१७, रविवार. बोर्डी.

सकाळी आठवीच्या मुलांना पक्षी दाखवायला किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती, चिखल्या या बारक्या पक्ष्यांचा मोठा थवा अगदी जवळ उतरला होता. मुलं दुर्बीण डोळ्याला लावणार, तोच प्रमिलाने जोरात टाळी वाजवली आणि सगळा थवा उडाला. मी सगळ्यांदेखत तिला झापलं. "एवढंही कळत नाही?"

ती म्हणाली, "सर, सवय आहे. घरी बोंबील सुकत असतात. पाखरू दिसलं की हाकलायचं."

"हिला कावळ्यांची मॉनिटर करा, सर," मागून एक जण म्हणाला. मुलं हसली. मीही हसलो. का हसलो?

दुर्बीण परत देताना ती हळूच बोलली, "हे बारके बोंबलाला तोंड लावत नाहीत. कावळा, घार आणि ते पांढरे कुरव, एवढेच चोर. कुरव भरतीबरोबर येतात." हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी पुस्तकातली चित्रं दाखवत होतो. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मी नाही येणार."

ती टाळी दिवसभर डोक्यातून गेली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई काठ्यांवरचे बोंबील उतरवत होती. माझं चुकलं, असं दोघींना सांगितलं. पुढच्या रविवारी मुलांना इथेच आणू का, प्रमिलाच पक्षी दाखवेल, असं विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलं.

प्रमिला म्हणाली, "आणा. पण कुणाला ओरडायचं असेल, तर मी ओरडेन. तुम्ही नाही."