चौकातला गाळा आणि माझ्या सुनेची उमेदवारी

मी, खाली सही करणारी, चौकातल्या चावीच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी मूत्रपिंडे थकली आहेत, डोके थकलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी एखादे पुढे केलेच तर ते माझे समजू नये.

सध्या आमच्या घरात निवडणूक आहे. माझी सून नगराध्यक्षपदाला उभी आहे. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची बरीच कलमे त्यामुळेच अशी झाली आहेत.

कलम १. राहते घर मुलगा आणि सून या दोघांच्या नावे, समान हिश्श्याने. सुनेचे नाव घातले म्हणून मुलाला वाईट वाटायचे नाही. तो चित्रकलेचा शिक्षक आहे, आणि सध्या दोन वेळचा स्वयंपाक करून बायकोचे प्रचारफलक रंगवतो. अक्षर सुंदर काढतो, भाजीत मीठ विसरतो. घराची पुढची खोली मात्र सुनेला भेटायला येणाऱ्या लोकांसाठी राहील, ती निवडून आली तरी आणि पडली तरी.

ही माणसे आज येऊ लागली असे नाही. सून पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. ताप आलेल्या बाईला गोळी देताना विचारायची, घरी पाणी कधी येते, दुसऱ्या पाळीहून रात्री परत कशी येतेस. टेकडीवरच्या वस्तीत पाणी दिवसाआड येते, आणि शेवटची बस कारखाना सुटायच्या आधीच निघून जाते, हे तिला असे कळले. तिच्या जाहीरनाम्यात म्हणून चारच गोष्टी आहेत: प्रत्येक बाजारात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि तिथे पगारी देखरेख, चालता येतील असे फूटपाथ, पाळी सुटल्यावर बस, टेकडीवर रोज पाणी. पक्षाचे सचिव आमच्या याच खोलीत चहा पीत म्हणाले होते की उड्डाणपुलाचे चित्र छापा, संडासाला कोणी मत देत नाही. तिने त्यांना आणखी चहा दिला आणि जाहीरनामा होता तसाच छापायला पाठवला.

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. शिक्षण ती म्हणेल ते. तिच्या आत्याने सुचवलेले नव्हे. आत्या माझीच मुलगी आहे, माझ्यावरच गेली आहे, म्हणून हे लिहून ठेवावे लागते.

कलम ३. चावी कापायचे मशीन, कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांचा सगळा माल माझ्याबरोबर दुकानात काम करणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. गिऱ्हाइकाशी थोडे गोड बोलायला शिकावे, एवढीच अट.

कलम ४. माझे धाकटे दीर, व्यापारी संघाचे अध्यक्ष, यांना दुकानाचे मोठे पितळी कुलूप. माझे पती गेल्यावर मी दुकानात बसले, तेव्हा चार महिन्यांत या दुकानाला कुलूप लागेल, असे ते चारचौघांत म्हणाले होते. ते त्यांनाच असू द्यावे.

दुसरा राग ताजा आहे. बाजारातल्या सभेत मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. एका कापडदुकानदाराने सुनेला विचारले की आमच्या दुकानांसमोरचे पार्किंग काढून फूटपाथ करणार का. व्यापारी संघाची मते तोवर आमच्या बाजूची होती. काहीतरी गुळमुळीत बोलून तिला वेळ मारून नेता आली असती. मी पदर घट्ट धरून बसले.

ती म्हणाली, “हो, काढणार. आत्ता नाही म्हटलं आणि मग काढलं, तर उद्या माझ्या कुठल्याच शब्दावर तुम्ही विश्वास ठेवू नका.”

मग तिने सावकाश समजावून सांगितले की मोटार दुकानासमोर उभी राहते, आत येतो तो माणूस. आणि म्हाताऱ्यांना, कडेवर मूल घेतलेल्या बाईला आज रस्त्याच्या मधून चालावे लागते. निम्मी सभा उठून गेली. दीर उठणाऱ्यांत पहिले. दुसऱ्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले की वहिनी, तुमच्या सुनेला चार शब्द सांगा. मी त्यांना सांगितले की भाऊजी, तिने माझ्या खुर्चीसमोर उभे राहून जे सांगितले, तेच चार शब्द मला सांगायचे होते. पण इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेच नाही. ते चहा न घेता गेले. माझ्या शेवटच्या पाठवणीला मात्र त्यांनी यावे. राग कागदावर उतरला, आता मनात नाही.

कलम ५. दुकानाचा गाळा. त्या चौकात बायकांना जायला जागा नाही. दुकान चालवले तितकी वर्षे मी सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी पीत नसे. शेजारची फुलवाली, पलीकडची शिंपीण, सगळ्यांचे तेच. त्याने वारंवार लघवीचे आजार होत गेले आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे. पहिल्यांदा मला मशीनला लावले, तेव्हा सून शेजारी बसून होती. डॉक्टरांनी कारण सांगितले ते तिच्यासमोरच. नोकरीचा राजीनामा तिने त्याच महिन्यात दिला.

गाळा मी तिला हल्लीच देऊ केला. म्हटले, उद्याच पालिकेला देऊन टाकू, तुझे पहिले स्वच्छतागृह इथेच होऊ दे.

“आत्ता नको, आई,” ती म्हणाली. “मतदानाआधी दिलात तर ते दान राहणार नाही, माझी जाहिरात होईल.”

“आणि तू हरलीस तर?”

“तर जो येईल त्याला द्या. बायकांना जागा हवीय, माझं नाव कशाला?”

सबब माझ्या पश्चात हा गाळा, नगराध्यक्ष कोणीही असो, शहराला मिळावा. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आणि बसायला बाक व्हावा. दर्शनी बाजूस चावीच्या मशीनपुरती जागा कलम ३ मधील मुलीला राहील, म्हणजे दिवसभर कोणीतरी लक्ष ठेवायला असेल. कोणाच्याही नावाची पाटी लावू नये. वर्षभरात काम सुरू न झाल्यास वकीलबाईंनी, ज्यांना मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमत आहे, पालिकेवर खुशाल दावा लावावा.

कलम ६. मतदानाआधी मला काही झाले तर माझा फोटो प्रचारात लावू नये. सासू गेली म्हणून कोणाकडे मत मागू नये. सुनेने घरीही बसू नये. ठरलेल्या सभा घ्याव्यात आणि जेवून घराबाहेर पडावे.

माझी एक वस्तू मात्र कोणाला देता येत नाही. मृत्युपत्राने मत देता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मी दोनदा विचारून पाहिले.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून सही करते.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : मतदानाच्या आधीचा रविवार

लिहून ठेवणार : (सही) चावीवाली

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही :
१. (सही) डायलिसिस केंद्राचे डॉक्टर
२. (सही) शेजारच्या दुकानातली फुलवाली