कुशीवर ठेवलेला रेडिओ

२७ मार्च १९६०, रविवार

दिगूने रेडिओ आणला. जुना, लाकडी, लांबलचक. दोघांनी धरून जिना चढवला, मागे सगळी चाळ, जसा काही गणपतीच आला. म्हणतो, "आये, महाराष्ट्र राज्य जाहीर होईल तेव्हा सगळ्यांनी आपल्या खोलीत बसून ऐकायचं." ठेवला कुठे? माझ्या पेटीवर. नवरा गेला तेव्हा तेरा दिवस त्या पेटीला टेकून होते. पुढे रोज तिच्यावरच बसले. आता तिथे रेडिओ गाणार आणि म्हातारी जमिनीवर. सून हसली. सुमन. तोंडाला पदर लावून. बघितलं मी.

उद्या पाडवा. काठी पुसायची आहे.

२९ मार्च, मंगळ.

दिगू पहिल्या पाळीला गेल्यावर मीच रेडिओ उचलला. गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, बावीस वर्षं काढली, हात अजून मेले नाहीत. फळीवर देवाशेजारी दीड वीत जागा, रेडिओ सव्वा हात. आडवा मावेना. मग कुशीवर उभा केला, मावला.

सुमन म्हणाली, "आये, आत काचेचे दिवे असतात. असा नका ठेवू." म्हटलं, "तुझ्या बापाकडे किती होते गो रेडिओ?"

चिमी, पाच वर्षांची नात, मान वाकडी करून आकडे बघत बसली. दिगू आला, त्यानेही मान वाकडी केली. हसला. "फळी तुझी, कायदा तुझा." गातो की तसाही. मग?

पेटीवर बसून मिश्री लावली. बरं वाटलं.

४ एप्रिल, सोम.

रेडिओ खरखरतो. जिन्यात कोणी पाय आपटले की जास्तच. सुमन रोज फडक्याने पुसते. नवऱ्याची पाठ एवढ्या मायेने चोळली नसेल.

७, गुरु.

गेला.

बातम्या चालल्या होत्या, दारात पाच-सहा पुरुष. आत निळी ठिणगी, जळका वास, आणि मुका. दिगूचं तोंड मेलेल्या माणसासारखं. "कोणी हात लावला?"

मी म्हटलं, "सकाळी ओल्या फडक्याने पुसत होती. पिळलं पण नव्हतं."

दिगूने सगळ्यांसमोर दिली सुमनच्या कानाखाली. ती म्हणाली, "पिळलं होतं." एवढंच. रडली नाही. रडली असती तर मी मध्ये पडले असते. नसते बहुतेक.

पिळलं होतं. मोरीत पिळताना मी बघितलं होतं.

८, शुक्र.

सुमनला नायगावला पाठवली, आईच्या घरी. चिमी तिच्या लुगड्याला चिकटली. एकेक बोट सोडवावं लागलं. पोर आमची, इथेच राहील.

१२, मंगळ.

परत चुलीपुढे मी. चिमी माझ्या हातचं खात नाही. न खाऊन जाते कुठे. भूक लागली की खाईल.

शेजारची गोदा नळावर विचारते, "सून कधी येणार गो?"

"रेडिओ बोलला की."

बाया हसल्या. मीही हसले.

१६, शनि.

परळवरून रेडिओ दुरुस्त करणारा आला. दिगू कामावर. घरात मी आणि चिमी. फळीवर बघून आधी थांबला, मग रेडिओ खाली काढून पाठ उघडली. आतला मोठा दिवा काढला. त्याला तो वाल्व म्हणतो. उजेडात धरून म्हणाला, "आजी, बाकीचे कसेही ठेवले तरी चालतात. हा सगळ्यांना पोसतो. यातली तार तापली की मऊ पडते. वाल्व उभा असला तर ती सरळ राहते. कुशीवर ठेवलात, ती बाजूला झुकली, आतल्या पत्र्याला टेकली. खेळ खल्लास."

"पाणी गेलं असेल."

"थेंब नाही आत."

"नीट बघ."

"बघूनच सांगतो. एकवेळ पाठीवर निजवला असता तर वाचला असता. तेव्हा झुकली तरी पत्र्याकडे जात नाही. कुशीवर ठेवलात तेच वाईट. ठेवला कोणी?"

त्याने रेडिओच्या लाकडाला फडकं मारलं. खाली दबलेल्या कडेला चार काळे डाग होते, बोटांचे. त्याने ते पुसले. मग माझ्या हाताकडे बघितलं. "मिश्री लावता वाटतं." मी हात पदराखाली घेतला.

नवा वाल्व बसवला, रेडिओ माझ्या पेटीवर सरळ ठेवला आणि लावला. बाई गायला लागली. चहा विचारला नाही. त्यानेही मागितला नाही.

१७, रवि.

दिगूला सांगितलं, "पाणीच गेलं होतं म्हणाला." रेडिओ फळीवरून खाली का म्हणाला, तर सांगितलं, मला लांबून ऐकू येत नाही. दिगू म्हणाला, "तरी वाटलंच." त्यालाही तेच हवं होतं. मारलेला हात फुकट गेला असं कोणाला वाटून घ्यायचं असतं?

चिमीने काल सगळं ऐकलं होतं. तिला मोरीत नेऊन सांगितलं, बोललीस तर आई कधीच येणार नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

जमिनीवर बसून लिहिते. गुडघे ठणकतात.

२२, शुक्र.

दिगूच्या नावाने सुमनचं कार्ड. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. "फडकं पिळलं होतं. आयेंना विचारा. चिमीला कुशीत घेऊन झोपता का?" तीनच ओळी.

मला वाचता येतं हे तिला ठाऊक आहे. तिनेच शिकवलं, ह्याच वहीत, दुपारची भांडी झाल्यावर. माझा ळ बघून हसायची. म्हणजे कार्ड दिगूला नाही, मलाच आहे. हुशार आहे रांड.

फाडलं नाही. रेडिओखाली सारलं.

२६, मंगळ.

दिगू जेवताना म्हणतो, "नायगावला जाऊन येऊ का?" म्हटलं, "जा. पाया पड तिच्या." गेला नाही.

३०, शनि., दुपार

आज रात्री महाराष्ट्र जाहीर होणार. खाली पताका बांधताहेत. सगळी चाळ ह्या खोलीत बसणार. सकाळी निघताना दिगू दारात थांबला. "सुमी असती तर…"

चिमी जमिनीवर पाठीवर पडली आहे. ताठ, हात अंगाशी, प्रेतासारखी. पंधरा दिवस अशीच झोपते. मला वाटलं खोड. आज ओरडले, "कुशीवर वळ गो!" तर म्हणते, "नको. तार टेकेल."

मग म्हणाली, "आजी, मी कोणालाच सांगितलं नाही. आई आज येईल?"

मी रेडिओ एका बाजूने उचलला. हाताला कार्ड लागलं. परत ठेवला.

भोंगा झाला. पाळी सुटली. आता दिगूचे पाय जिन्यात वाजताहेत. कार्डाचा कोपरा रेडिओखालून बाहेर राहिला आहे. आत ढकलला नाही. ओढलाही नाही.