वारूळवाडीच्या गोल्फ-काठ्यांची निगा

मंचर,
दि. ४ जुलै १९९९

कालकथित रत्ना बुद्धभूषण डोळस हिस,
बुद्धभूषण भागुजी डोळस याचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या सध्याच्या मुक्कामी पत्र पोहोचविण्याची सोय टपाल खात्यात नाही, हे मी जाणतो. तरीही तुझ्या पश्चात तुझे एक काम मजकडे आले आहे, आणि ज्याचे काम त्याला अहवाल द्यावा ही सवय मला शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

काम तुला ठाऊकच आहे. तुझा धाकटा भाऊ नवनाथ बंगळूरला असतो, त्याचा वारूळवाडीचा बंगला बंद असतो, आणि त्यातील त्याच्या गोल्फच्या काठ्या तू दर रविवारी जाऊन स्वच्छ करून ठेवीत होतीस. सकाळच्या एस.टी.ने जात होतीस ती दिवेलागणीस परत. एवढा वेळ लागतो म्हणजे काम मोठे जिकिरीचे असणार, अशी माझी समजूत होती. आज मी ते प्रथमच केले. जेवणाची वेळ होण्याआधीच संपले. तुझा हात माझ्याहून केव्हाही चलाख होता. मग उरलेला दिवस तू काय करीत होतीस, याचा उलगडा होत नाही.

बंगल्याशेजारच्या चिमाबाईंकडे तू ठेवलेली दुसरी किल्ली मी रीतसर मागून घेतली. एका कुलपाच्या किल्ल्या दोन घरी असू नयेत. त्यांनी दिली, परंतु पदराची गाठ सोडण्यास विनाकारण फार वेळ लावला.

आणखी एक नोंदवतो. मंचरच्या घरी रविवार संपता संपत नाही. तेथे तो संपतो. म्हणून हे काम मी सोडणार नाही.

तुझा लोभ होता तेवढ्यावरच भागवत आहे.
बुद्धभूषण

*

बंगळूर,
दि. २० जुलै १९९९

ती. दाजी यांस,
नवनाथचा सविनय जयभीम. आपण काठ्यांचे काम अंगावर घेतल्याचे पत्र पोहोचले. वाचून घरात सगळ्यांना बरे वाटले आणि थोडी धास्तीही वाटली, कारण आपण काठ्यांची तपासणी करून त्यांना नापास कराल, असे आमची लेक समृद्धी म्हणते.

निगा सोपी आहे. कोमट पाण्यात किंचित साबण घालायचा. लोखंडी डोकी जुन्या दातांच्या ब्रशाने घासायची आणि लगेच कोरडी करायची. लाकडी डोकी पाण्यात बुडवायची नाहीत, ती फुगतात. रबरी मुठी ओल्या फडक्याने पुसल्या की झाले. आक्का एवढेच करायची. याहून जास्त काही करू नका, दाजी. ही विनंती आपला स्वभाव ओळखून करतो आहे.

आता थोडे अवघड बोलतो. नारायणगावचे एक द्राक्षांचे व्यापारी बंगला आणि मागचे पडीक रान भाड्याने मागत आहेत. आक्का होती तोवर मी हा विषय काढला नाही. पण आपण या वयात दर रविवारी एस.टी.त उभे राहून जायचे, ते परक्याच्या चार काठ्या पुसायला, हे मनाला पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत येईन, काठ्या आणि घर पाहीन, मग ठरवू. तोवर किल्ल्या आपल्याकडेच असू द्या.

जेवणाची आबाळ करू नका. लोभ वाढवावा, निदान कमी करू नये.
आपला,
नवनाथ

*

मंचर,
दि. २९ ऑगस्ट १९९९

चि. नवनाथ यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पावले. बंगला भाड्याने देण्याबाबत माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो: देऊ नये. कारणे विचारशील. एस.टी.त मला बहुधा जागा मिळते. उभे राहावे लागले तरी तळेघरच्या डोंगरातील शाळा मी पायी तपासल्या आहेत. आणि त्या काठ्या परक्याच्या नाहीत. तुझ्या बहिणीने त्या आठ-नऊ वर्षे हाताळल्या आहेत.

माझ्या देखरेखीखाली काठ्यांची स्थिती किती सुधारली, हे दिवाळीत तू पाहशीलच. काही सुधारणा आताच कळवतो, म्हणजे निर्णयास उपयोग होईल.

पहिली. लोखंडी डोक्यांच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा आहेत. त्यांतच माती अडकते. दर वेळी ब्रशाने ती उकरीत बसण्यापेक्षा मुळावरच उपाय करावा, असे ठरवून मी सर्व खाचांमध्ये सुतार भेगांत भरतात ती लांबी भरली आणि वर पॉलिश कागद फिरवला. तोंडे आता आरशासारखी गुळगुळीत आहेत. कारखान्याकडून ही त्रुटी कशी राहिली, याचे नवल वाटते.

दुसरी. रबरी मुठी रुक्ष वाटल्या. चामड्याच्या वहाणांस आपण एरंडेल चोळतो, त्याच न्यायाने मुठींसही चोळले. तीन रविवार मुरवले. शेजारचे कुंडलिकभाऊ कुंपणावरून बराच वेळ पाहत होते. साहेब, एवढं तेल मुरवताय ते लोणचं घालायचंय का, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले. मी त्यांस रबराच्या निगेविषयी थोडी माहिती दिली. ते मान हलवीत होते, पण त्यांचे खांदेही हलत होते.

तेव्हा निर्णय काठ्या पाहूनच करावा. समृद्धीस व सौ. ला जयभीम सांगणे. माझ्यावरील लोभ निर्णयाच्या आड येऊ देऊ नये. मात्र आला तर हरकत घेणार नाही.
तुझा,
बुद्धभूषण

*

वारूळवाडी,
दि. २८ सप्टेंबर १९९९

नवनाथ भाऊला शेजारीण चिमाबाईचा जयभीम.

पत्र लिवायचं कारन तुमचं दाजी. मानूस सोन्यासारका हाय, पन काठ्यांची पार वाट लावली. आता मला सगळं सांगावंच लागतंय, कारन तुमी बंगला भाड्यानं देनार असं कुंडलिकभाऊच्या कानावर आलंय.

रत्नाआक्का दर आयतवारी येयाची ती नुसती पुसाया न्हाई. आदी आमी खेळायचो. आक्का, मी, प्रयागबाई आन लंकाबाई. तुमच्या बंगल्यामागच्या पडीकात. आक्का तुमाला बघून शिकली व्हती म्हनं, तिनंच आमाला पदर खोचून पाय कसं रोवायचं ते शिकीवलं. मोठ्या डोक्याच्या काठीला आमी ढोबळी म्हनतो. चपटीला उलथनं. आन जी चेंडू नुसता हळूच ढकलती ती सूनबाई. प्रयागबाईचा नवरा कुंडलिकभाऊ बांदावर बसून चेंडू कुटं पडला ते वरडून सांगायचा. येकदा म्हशीच्या वैरनीत घावला. म्हशीनं खाल्ला न्हाई, नुसता चाटून ठिवला. खेळ झाला की मंग आक्का काठ्या पुसायची आन येष्टीला पळायची.

आक्का गेली आन सायबानं माजी किल्ली नेली. आमी गप ऱ्हायलो. दुखाच्या घरी खेळाची गोष्ट कशी काढायची? पन परवाच्या आयतवारी सायबानं काठ्या अंगनात वाळत घातल्या आन वट्यावर जरा कलंडलं. प्रयागबाईला ऱ्हावलं न्हाई. तिनं उलथनं उचललं आन हानला चेंडू. चेंडू चढंनाच! उलथन्यानं मारला की चिमनीवानी वर जानारा चेंडू, तो उंदरावानी जमिनीवरनं सरपटत गेला. बघतोय तर काय, काठीच्या तोंडाला लिंपन! प्रयागबाईला लई राग आला, दुसऱ्यांदा जोरात फिरीवली, तर मूठ ही अशी तेलकट. काठीच हातातनं सुटली आन कुंडलिकभाऊच्या गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन् पडली. म्हैस दावं तोडून कोथिंबिरीत शिरली.

त्या आवाजानं सायब उटलं. काठीला हात लावायची परवानगी कुनी दिली म्हनून इचारलं. लंकाबाई कुनाला भितीय व्हय? तिनं तोंडावर सांगितलं की रत्नाआक्कानं, आन खेळायची परवानगी तुमाला इचारून घ्यायची असती तर आक्का अजून येष्टी ष्टँडावरच उबी असती. म्या तिला चिमटा काडला, पन बोलून गेली ती गेलीच. सायबानं पत्र्यावरची काठी सोता शिडी लावून काडली आन पुसत बसलं. संध्याकाळी मलाच वाईट वाटलं. च्या नेऊन दिला.

भाऊ, बंगला देऊ नका. दिला तर पडीक बी जाईल, आन आक्काचा खेळ बी. किल्ली मला देयाला सांगा. दाजींना रागवू नका, त्यांना दुसरं कुनी रागवायला ऱ्हायलं न्हाई.

लोभ हायच, तो मोजत बसू नये.
चिमाबाई

*

बंगळूर,
दि. १० ऑक्टोबर १९९९

ती. दाजी यांस,
सविनय जयभीम. चिमाबाईंचे पत्र आले. मी ऑफिसात वाचले आणि ते चुकले, कारण साहेबांच्या समोर मला हसू आवरेना. नंतर जिन्यात जाऊन थोडा वेळ बसलो, ते हसण्यासाठी नव्हे.

आक्काने एकदा फोनवर विचारले होते की चढावर कोणती काठी घ्यावी. मला वाटले ती आपल्यासाठी चालताना टेकायला घेते आहे. मी म्हणालो, दाजींना झेपेल ती. ती किती हसली! आता कळते.

दाजी, त्या खाचा कारखान्याची त्रुटी नाही. चेंडू त्यांना धरून वर चढतो, म्हणूनच त्या असतात. आणि मूठ हातात घट्ट बसावी म्हणून रुक्ष असते. पण मनाला लावून घेऊ नका. ह्या काठ्या जुन्या आहेत, मला इथे कंपनीच्या मिळतात. इतकी वर्षे त्या तिथे ठेवल्या त्या केवळ आक्का कधी हलवू म्हणाली नाही म्हणून.

द्राक्षवाल्यांना नाही म्हणून कळवले आहे. किल्ल्या चिमाबाई मागत आहेत, आणि आपल्याला त्या सोडवत नाहीत हेही मला दिसते. मी दोघांपैकी कोणालाच नाही म्हणू शकत नाही. आपण मोठे आहात, आपणच ठरवा. ठरवाल ते मला मान्य. दिवाळीत नुसता भेटायला येतो.

समृद्धी म्हणते, म्हशीचे काय झाले ते अवश्य कळवावे.
लोभात काटकसर नको.
आपला,
नवनाथ

*

मंचर,
दि. ३१ ऑक्टोबर १९९९

कालकथित रत्ना बुद्धभूषण डोळस हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

म्हैस सुखरूप आहे. कोथिंबिरीची भरपाई कुंडलिकभाऊंनी घेतली नाही, फक्त लोणचे मुरले का असे पुन्हा विचारले.

गेले दोन रविवार मी खाचांतील लांबी दाभणाने उकरून काढत होतो. लांबी उत्तम प्रतीची होती, त्यामुळे फार त्रास झाला. मुठी साबणाने धुतल्या, तरी एरंडेलाचा वास राहिला आहे. आज सर्व काठ्या अंगणात मांडल्या आणि चिमाबाईंच्या दारी जाऊन, खेळ सुरू करण्यास माझी हरकत नाही, असे कळवले. तुमची हरकत व्हती ते आमाला आत्ताच कळतंय, असे लंकाबाई म्हणाल्या. प्रयागबाईंनी पदर खोचून उलथने चालवले. चेंडू चढला. मी बांधावर कुंडलिकभाऊंशेजारी बसलो होतो आणि नकळत उभा राहिलो.

चिमाबाईंनी एक गोष्ट सांगितली. टोला चांगला बसला की तू म्हणे माझ्या आवाजात शेरा देत होतीस: प्रगती समाधानकारक. फसला तर: पालकांस शाळेत बोलवावे. मग सगळ्या हसून खाली बसत, आणि तू इतक्या मोठ्याने हसत होतीस की रस्त्यावरचे लोक थांबत. रत्ना, ते हसणे मी ऐकलेले नाही. घरी तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. म्हणून मी त्यांना ते करून दाखवण्याची विनंती केली. आधी कोणी धजेना. शेवटी लंकाबाईंनी करून दाखवले, प्रथम माझा आवाज आणि मग तुझे हसणे. माझा आवाज हुबेहूब होता. तुझे हसणे कितपत जमले हे मला सांगता आले नाही, म्हणून मी ते आणखी एकदा करून मागितले.

किल्ल्यांचा प्रश्न मजवर सोपवला होता. त्या हाती असल्या तरच मला तेथे जाता येईल, असे मी धरून चाललो होतो. परंतु कुलूप माझ्या ताब्यात होते तोवर तेथे खेळ झाला नाही, आणि तू तेथे जात होतीस ती खेळासाठी. तेव्हा निकाल सरळ होता. तो सांगितला, तेव्हा चिमाबाईंनी आधी पुढच्या आयतवारी सायब येनार का ते बोला, असे दरडावले. आमी काठ्या मातीत घालनार, त्या पुसायच्या कुनी? येण्याचे मी मान्य केले आहे. लांबी व एरंडेल आणू नये, अशी अट त्यांनी घातली. तीही मान्य केली.

तुझा लोभ येथे तिघींत वाटलेला सापडला. माझा वाटा मागण्यास मी दर रविवारी जात जाईन.
तुझा,
बुद्धभूषण

ता. क. खेळ संपल्यावर काठ्या पुसून जागेवर ठेवल्या. दरवाजास कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या चिमाबाईंच्या हाती परत केल्या.