निजलो होतो, म्हणालो

इचलकरंजी,
१० मार्च १९७४

प्रिय चंद्रकला,

तुझं पत्र भेटलं. माझी शाळा चौथीतच सुटली, तर अक्षर सांभाळून घेशील. बापूजी आता मागावर बसत नाहीत, आईसोबत सुताच्या कांड्या भरत राहतात, हे वाचलं अन् जेवण तसंच सारून लिहाले बसलो वं. ज्यांच्या लुगड्याची किनार पाहाले आपल्या तांडापेठेतले लोक दारात उभे राहत, ते कांड्या भरून राहिले!

इथे मी पावरलूमवर आहे. खोलीत आठ जण. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर. बाजूले लूमचा खडखडाट, झोप कुठची? परवा तुटलेले धागे सांधताना मी रंग उलटेपालटे जोडले. चारदा पाहिलं, मले सारं बराबरच वाटे. आमच्या लूमवर देखरेख करणारे जॉबर महादेवराव भला माणूस. शिवी नाही दिली. "किती निजला होतास?" एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं, दोन तास. त्यांनी निजाले धाडलं. उठून आलो तर चूक लांबूनच दिसली. डोळे तेच होते वं. तेव्हाच मले बापूजी आठवले.

तुले आठवते, मागाच्या फणीत धागे भरायच्या दिवशी बापूजी समोर बसून धागे देणाऱ्याले आधी काय विचारत? "निजला होता ना गा?" नाही म्हटलं की काम दुसऱ्या दिवसावर. तू हसायची, बापूजीले धाग्याहून झोपेचीच काळजी म्हणून. त्या लाल-पिवळ्या किनारीच्या दिवशीही त्यांनी विचारलं. घर सोडून पळायच्या विचारात आठवडाभर माझ्या डोळ्याले डोळा नव्हता. पण काम एकदाचं आटपावं म्हणून म्हणालो, "निजलो होतो." मी पलीकडून धागे देत होतो, ते माझ्या भरवशावर फणीतून ओढत होते. दोन लाल, एक पिवळा. मधातच माझी गिनती चुकली, मले कळलंही नाही. हातभर विणल्यावर किनार बिघडलेली दिसली. सारे म्हणाले, म्हाताऱ्याची नजर गेली. बापूजी म्हणाले, "नजर नाही, डोकंच गेलं माझं." चूक माझीच, हे तोवर मले उमगलं होतं. मी खांबाले टेकून उभा होतो. बोललो नाही. आठ दिवसांनी गाडीत बसलो.

म्हणून हे पत्र. बापूजीसमोर मोठ्यानं वाच, एक ओळ गाळू नको. त्यांचं डोकं गेलं नाही, त्या दिवशी माझं ठिकाणावर नव्हतं, अन् मी त्यांच्याशी खोटं बोललो. त्याहिले मागावर बसव. फणी भराले समोर तू बस. ते विचारतीलच. आदल्या रात्री चांगली निज, म्हणजे खरं सांगता येईल.

तुझाच भाऊ,
गोविंदा