तिसऱ्या बाकावरची अर्धी जागा

४ सप्टेंबर, सोमवार
मुलगी आजपासून तिसऱ्या बाकावर एकटी बसते. बातमी तिनेच दिली. सहा वर्षांच्या एकाच सूत्रावर कसं विसंबणार, म्हणून वर्गाच्या बाईंना फोन केला. त्यांनी दुजोरा दिला. बाकावरच्या शेजारणीच्या आईची तक्रार होती — वेणीशी खेळते, मांडीवर पाय टाकते, डब्यात नाक खुपसते. 'आमची मुलगी घरी येऊन रडते,' असंही.
"वाईट नाही हो ती," बाई म्हणाल्या. "पण आपण कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हेच तिला कळत नाही. दोन आठवडे बघू. सुधारली तर परत शेजारी बसवते."
मुलगी धड जेवली नाही. "ती माझी एकच मैत्रीण आहे," म्हणाली. हे सांगताना माझ्या ताटातलं खात होती.

५ सप्टेंबर
वृत्तपत्रात नोकरी केल्याचा एक फायदा — घरात रद्दीला तोटा नाही. जमिनीवर माणशी एक पान अंथरलं. ज्याचं पान त्याची जागा. हात लांब करून कुणाला लागला, तर मागे सरकायचं. दुसऱ्याच्या पानावर जायचं तर "येऊ का?" विचारायचं. "नको" आलं तर "बरं" म्हणायचं. रुसायचं नाही.
पहिल्या पाच मिनिटांत नियम मोडला तो मी. माझा चष्मा तिच्या पानावर राहिला होता, तो उचलायला गेलो.
"बाबा, विचार की."
बायको दातांची डॉक्टर. ती दारातून म्हणाली, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते. पण आधी 'आ करा' म्हणते."
हे वाक्य वापरता येईल.

७ सप्टेंबर, गुरुवार
रविवारचं सदर पाचच्या आत गेलं. बापाने मूल वाढवण्याविषयीचं हे सदर चार वर्षं चाललं आहे आणि अजून मूल वाढतंच आहे, त्यामुळे विषयाची चिंता नाही. या वेळी रद्दीची पानं, चष्मा, 'आ करा' सगळं घेतलं. मुलीचं नाव मी कधीच छापत नाही, तेवढी जबाबदारी आपल्याला कळते. लेखात तिला 'चिकटपट्टी' म्हटलं. मथळाही तोच. वर नेहमीप्रमाणे माझा फोटो.

१० सप्टेंबर, रविवार
आई राहायला आली. नेहमीप्रमाणे दारातूनच नातीचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे.
"आजी, आधी विचार."
"माझ्या नातीचा गालगुच्चा घ्यायला आता अर्ज करू? किती प्रतींत?"
"नुसतं विचारलंस तरी चालेल."
आईने विचारलं. म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारलं. मुलगी जरा विचार करून म्हणाली, "आत्ता नको."
आई पर्स मांडीवर घेऊन गॅलरीत जाऊन बसली. वीस मिनिटं. "घेऊ दे ना गं एक, आजीच आहे," असं मी म्हणणारच होतो. तेवढ्यात बायकोने माझ्याकडे पाहिलं. दिवसातून दोनदा ब्रश करतो असं सांगणाऱ्या पेशंटकडे ती तसंच पाहते.
मग मुलगी गॅलरीत गेली. "आजी, तुझ्याजवळ बसू का?" आईने बराच वेळ घेतला. तिलाही 'नको' म्हणून बघायचं असावं. पण सरकली.
पुढच्या गुरुवारची सोय झाली.

११ सप्टेंबर
"आज शाळेत काय झालं?" — "काही नाही."

१४ सप्टेंबर, गुरुवार
आजीचा लेख दिला. संपादक खूश. "तुझी लेक सदर चालवते, तू नुसता टंकलेखक."
दहा दिवसांत एकही तक्रार नाही. पद्धत लागू पडली असं म्हणायला हरकत नाही. मुलगी अलीकडे गप्प असते. शिस्त अंगात मुरत असावी.

१८ सोमवार
दोन आठवडे झाले. बाईंनी बोलावलं.
"तुमच्या मुलीला नावं ठेवायला जागा नाही. हात लावायच्या आधी विचारते. परवा तर माझ्या टेबलावरचा खडू घ्यायलाही विचारलं. पण शेजारीण परत यायला तयार नाही."
का?
"तिच्याजवळ बसलं की मुलं 'चिकटली, चिकटली' म्हणून ओरडतात. गेल्या सोमवारपासून चाललंय. मी दोघांना उभं केलं, पण किती जणांना करणार? 'चिकटपट्टी' हे नाव कुठून आलं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? रविवारी सगळ्यांच्या घरी पेपर येतो."
याला दुसऱ्या सूत्राची गरज नव्हती.
घरी तिचा अभ्यास घ्यायला बसलो. तिने मान वर न करता विचारलं, "तू मला विचारलं होतंस?"
मी म्हटलं, नाव कुठे दिलं होतं?
"फोटो तुझा आहे ना."
मी तिला समजावलं. लोकांना लेख आवडतो, लोक प्रेमाने हसतात. माझी आई गालगुच्च्याबद्दल अगदी हेच म्हणते. शेवटी म्हटलं, बरं, आता विचारतो. लिहू का?
"नको."
एकच, शेवटचा? तुझी बाजू मांडणारा?
"बाबा, 'नको' आलं की 'बरं' म्हणायचं असतं."
म्हटलं. पण तोवर तीन वेळा विचारून झालं होतं.

२१ गुरुवार
(सुट्या कागदावर. रोजनिशीची वही सोमवारपासून सापडत नाही. तिच्यात सगळं आहे. मुलीच्या रडण्याच्या नोंदी, समासात 'वापरता येईल' अशा खुणा. मुलीला वाचता येतं. बायकोला विचारायचा धीर होत नाही, कारण ती आधी वहीत काय आहे ते विचारेल.)
पाच वाजले. काही दिलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.
संपादक: "आजारी आहेस?"
नाही. मुलगी नको म्हणते.
"मग दुसऱ्या कुणाच्या मुलावर लिही."
त्यांनाही विचारावं लागेल.
मग म्हणाले, "रविवारी शब्दकोडं टाकतो. पुढच्या रविवारचं तू बघ."

२२ शुक्रवार
वही सापडली. मुलीच्याच टेबलावर, चित्रकलेच्या वहीखाली. सोमवारी अभ्यासानंतर तिथेच बसून लिहिलं आणि मीच विसरलो होतो.
विचारलं, उघडलीस?
"नाही. तुझी आहे ना. आजी बघेल म्हणून वर माझी वही ठेवली."
सोमवारी पहिल्या तासाला ती मैत्रिणीला स्वतः विचारणार आहे — शेजारी बसशील का? 'नको' आलं तर काय म्हणायचं, ते तिला येतं.