क्लॅरिनेट आणि वरचे दोन दात

४ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. पोलादपूरपासून नाते गावापर्यंत वरातीत क्लॅरिनेट म्हणजे मीच, मुरारी. आज रियाजात वरचे दोन दात जरा हलले. क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी, रीड, खराब असणार.

६ नोव्हेंबर
आवडीनं ओढत महाडला दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉ. अक्षदा आमच्या लेकीच्या, दिशाच्या वयाची. सिगरेट किती, म्हणाली. मी म्हटलं, मोजून. आवडी म्हणाली, "मोजतात, पन पाकिटं." नवऱ्याची चारचौघांत शोभा करायची हौस.
हिरड्यांतून रक्त येतं का? छाती फुगवून सांगितलं, थेंब नाही. तर म्हणे, तीच तर गोम. धुरानं रक्तवाहिन्या आवळतात, आजार झाकला जातो, आत हाड झिजत राहतं. म्हणजे रक्त आलं तरी आजार, नाही आलं तरी आजार! वर रक्ततपासणी.

८ नोव्हेंबर
रिपोर्ट उत्तम. पांढऱ्या पेशी जास्त. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, शाळेत शिकलोय. आपलं सैन्य मोठं. सीआरपी नावाचं काहीतरी आहे, तेही जास्त. डॉक्टरीण म्हणाली, शरीरात सूज धुमसतेय त्याची खूण. कलावंताच्या आत काहीतरी धुमसायलाच हवं. आनंदात एक ओढली.

१२ नोव्हेंबर
सिगरेट बंद. कायमची. मुंबईला दिशाला फोन केला. ती म्हणाली, पप्पा, गणपतीतपण हेच सांगितलं होतंत. पोरांची स्मरणशक्ती मोबाइलनं गेली.

१७ नोव्हेंबर
सिगरेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त! डॉक्टरणीला फोन. म्हणे घाबरू नका, हिरड्यांत रक्त पुन्हा फिरायला लागलंय, सोडलीत ते उत्तम, आता साफ करून घ्यायला या. रक्त येणं उत्तम! कुठल्या कॉलेजातून पास झाली कोण जाणे. गेलो नाही. पानटपरीवर गेलो.

२५ नोव्हेंबर
रक्त थांबलं. औषध आपणच शोधलं. डॉक्टरणीला कळवणार नाही, वाईट वाटेल तिला.

३ डिसेंबर
आवडी म्हणते तोंडाला घाण वास येतो. पडवीत झोपायला लागली. थंडी मी म्हणतेय, पण हिला उकडत असेल.

१४ डिसेंबर
पोलादपूरची वरात. वरचा सूर लावला की दात मागे. सूर फाटला. घोडी बिथरली, नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून बसला. घोडी नवखी होती. बँडमालक किशोरनं बाजूला घेतलं. "काका, अश्विनलापन जरा वाजवू द्या की." अश्विन म्हणजे बँडमधलं कालचं पोर. जळतात लोक.

२० जानेवारी
दोन्ही दात पडले. जेवताना. कडक काही नाही, आमटीभात. आवडीला वाटलं खडाच लागला, तणतणली की तांदूळ मी सोता निवडलाय. मग माझ्या तळहातावर बघितलं. पदर डोळ्यांना लावला. तांदळावर आळ आला याचं दुःख असणार.

१६ फेब्रुवारी
नाते गावची वरात. ड्रेस तोच, खांद्यावर सोनेरी झालर. क्लॅरिनेट अश्विनकडे. माझ्याकडे खुळखुळा. किशोर म्हणाला, काका, हळू हलवा, ताल बिघडतो.
चौकात एका म्हाताऱ्यानं अश्विनला थांबवलं. विचारलं, "तो आधीचा वाजवनारा मुरारी, वारला काय रं?"
अश्विननं माझ्याकडे बघितलं.
मी खुळखुळा हलवला. हळू.